जपानमध्ये पंधरा-वीस वर्षं काढलेल्यांना प्रश्न: रोजचं जगणं कसं बदलत गेलं?

सहावा मजला:

नमस्कार मंडळी. टोकियोत येऊन मला तीन वर्षं झाली. आधी एकटा होतो, गेल्या वर्षी बायको आली. राहतो निशीकासाईत, म्हणजे एदोगावा वॉर्डात. स्टेशनाबाहेर पडलं की जपानीच्या आधी हिंदी नाहीतर तेलुगू कानावर पडतं, तेच हे ठिकाण. या खेपेला व्हिसाची मुदत पाच वर्षांची मिळाली आणि घरात विषय निघाला, आता इथंच राहायचं का?

एइजू, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, त्याला पॉइंट किती लागतात वगैरे माहिती ढिगानं मिळते. मला ते नकोय. 2000 ते 2005 च्या आसपास जे आले आणि राहिले, त्यांचं रोजचं जगणं कसकसं बदललं? सोपं होत जातं, की आपल्यालाच सवय होते? परवा बायको म्हणाली, "शेजारच्या बाईनं वर्षभरात एकदाही दार वाजवलं नाही." मी म्हटलं, "आपण तरी कुठं वाजवलं?" तेव्हापासून ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतेय, म्हणून तुम्हाला विचारतो.

परतीचा पाऊस:

2006 ते 2014 होतो. सोपं होतं, नक्की होतं. पहिल्या वर्षी दुकानात प्रत्येक पाकिटामागची अक्षरं बघत अर्धा तास जायचा, कारण मी शाकाहारी आणि तिथं वरवर साध्या दिसणाऱ्या सुपातही दाशी, म्हणजे माशाचा अर्क. चौथ्या वर्षी तीच खरेदी दहा मिनिटांत उरकायची.

आम्ही परतलो ते मुलीमुळे. ती पहिलीत जायच्या बेताला आली होती आणि फोनवर आजीला जपानीत उत्तरं द्यायला लागली होती. आजीला वाटायचं, नात लाजते. आता पुण्यात आहोत. मॉलच्या सरकत्या जिन्यावर मी अजून डाव्या बाजूला अंग चोरून उभा राहतो आणि उजवीकडची मोकळी जागा बघून लोक माझ्या शेजारी येऊन गप्पा मारत उभे राहतात. पश्चात्ताप नाही. पण पाच वर्षांच्या आत ठरवा, मुलं बोलायला लागली की निर्णय तुमचा राहत नाही.

सुईदोरा:

सहावा मजला, तुमच्या बायकोच्या वाक्यावर मी हसले आणि मग जरा गप्प झाले. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी डिसेंबर 2003 मध्ये नवऱ्याच्या मागोमाग आले. तेव्हाही निशीकासाईत आपली माणसं होती, पण हाताच्या बोटांवर ओळखता येतील इतकी. वायटूकेच्या, म्हणजे 2000 साल उजाडताना संगणकातल्या तारखा दुरुस्त करायच्या, कामाला जे संगणकवाले आले, त्यातले बरेचजण तोझाई लाइनवर इथंच स्थिरावले, कारण निहोनबाशी-ओतेमाचीच्या ऑफिसांना थेट गाडी. आणि दुसरं म्हणजे आज आपण ज्याला यूआर म्हणतो ती निमसरकारी घरं. बाहेर घर घ्यायचं तर रेइकिन द्या, म्हणजे घरमालकाला नुसत्या आभाराचे, परत न मिळणारे पैसे, आणि वर होशोनिन दाखवा, म्हणजे तुमच्यासाठी जामीन राहील असा माणूस. चार दिवसांपूर्वी विमानातून उतरलेल्याला जामीन कोण राहणार? यूआरला दोन्ही लागत नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर 303 मध्ये राहायला आलो. अजून तिथंच आहोत.

पहिल्या वर्षी मला कशाची भीती वाटायची सांगू? पत्रपेटीची. रोज खाली जाऊन ती उघडायची आणि आतले सगळे कागद सारखेच अनोळखी. माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक शब्दकोश होता, त्यात अक्षराच्या रेघा मोजून शब्द शोधायचा. बारा रेघा की तेरा, यात दुपार जायची. एकदा दोन तास खपून एक कागद लावला, तर ती पिझ्झाची जाहिरात निघाली. आणि जाहिरात समजून जो कचऱ्यात टाकला, तो आरोग्यविम्याच्या हप्त्याचा होता.

कचऱ्याचं तर विचारूच नका. जळणारा कुठल्या वारी, न जळणारा कुठल्या वारी, हे मी फ्रिजवर चित्रं काढून पाठ केलं. प्लास्टिकच्या पिशव्या न जळणाऱ्यात. चुकलं की पिशवीवर लाल चिठ्ठी चिकटवून ती तिथंच ठेवून जातात आणि अख्ख्या इमारतीला कळतं. हे सगळं अंगात मुरलं आणि 2008 च्या सुमारास नियमच फिरले. टोकियोच्या वॉर्डांत तेच प्लास्टिक जळणाऱ्यात गेलं. म्हणून "सोपं होतं का" याचं पहिलं उत्तर हे, की आपण शिकतो ते शिळंही होतं. टेलिफोन कार्डावरचा नंबर खरवडून घरी फोन लावायची माझी हातोटी होती, तिचं आज काय करू?

आता शेजाऱ्यांचं. 2004 च्या उन्हाळ्यात एकदा बेल वाजली. भिंगातून पाहिलं, तर निळे कपडे घातलेली दोन माणसं, हातात जाडजूड नळी. मी दार उघडलं नाही. ते परत आले, परत नाही उघडलं. नंतर कळलं, सगळ्या इमारतीच्या सांडपाण्याच्या नळ्या साफ करायचा दिवस होता तो, आणि त्या उभ्या रांगेत फक्त आमचं घर राहिलं होतं. नवऱ्यानं विचारलं, आम्हाला कुणी सांगितलं का नाही? तर म्हणे काइरानबानमध्ये होतं.

काइरानबान म्हणजे वस्तीच्या मंडळाची फिरती फाइल. एक पाठकोरा पुठ्ठा, वर चाप, त्यात सूचनांचे कागद: भूकंपाचा सराव कधी, उन्हाळी जत्रा कधी, कुठं चोरी झाली, नळ्या कधी साफ होणार. सोबत घरांची यादी आणि प्रत्येक नावापुढे रकाना. वाचायचं, रकान्यात हांको, म्हणजे नावाचा छोटा शिक्का, उमटवायचा आणि पिशवीत घालून पुढच्या दाराच्या मुठीला अडकवायचं. मग मी लक्ष ठेवलं. मंगळवारी पिशवी 302 च्या मुठीला होती. गुरुवारी 304 च्या. मध्ये माझं दार.

असं सात वर्षं चाललं. कधी कुणी वाकडं बोललं नाही. लिफ्टमध्ये 302 वाल्या आजी "आज गारठा आहे नाही" म्हणायच्या, मीही म्हणायचे. पण पिशवी माझ्या दारावरून जायची. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय होतं? आठवड्यातून अठ्ठावीस तास काम करायची परवानगी काढून मी एका डबा बनवणाऱ्या कारखान्यात लागले होते, जपानी सुधारली होती, तरी ती पिशवी दिसली की माझा दिवस जरा वाकडा जायचा.

मग 11 मार्च 2011. शुक्रवार, दुपारचे पावणेतीन. धाकटा तीन महिन्यांचा, नुकता झोपलेला. मोठी बालवाडीत. त्या हलण्याबद्दल खूप लिहून झालंय, मी लिहीत नाही. नवरा ओतेमाचीहून चालत, कासाईबाशीचा पूल ओलांडून, रात्री नऊला घरी पोचला, त्याच्याबरोबर पुलावर हजारो माणसं आणि आवाज फक्त बुटांचा, एवढंच तो सांगतो. दोन स्टेशनं पलीकडे उरायासूत भराव टाकलेल्या जमिनीतून चिखल वर आला होता.

पुढच्या दहा दिवसांत आमच्या इमारतीतली जवळजवळ सगळी भारतीय कुटुंबं निघून गेली. आम्हीही तिकिटं पाहिली होती. अडलं ते एका शिक्क्यावर. तेव्हा नियम असा, की व्हिसा असला तरी बाहेर जाऊन परत यायचं तर आधी पुनर्प्रवेशाचा परवाना घ्या. एका खेपेचा तीन हजार येन, अनेक खेपांचा सहा हजार. आमचे तिघांचे होते, बाळाचा राहून गेला होता. पासपोर्टच कसाबसा हातात आला होता त्याचा. नवरा शिनागावाला इमिग्रेशनच्या कचेरीत गेला, तर रांग इमारतीला वळसा घालून रस्त्यावर. दिवसभर उभा राहून हात हलवत परत आला. दुसऱ्या दिवशी ऑफिसनं बोलावलं. राहिलं ते राहिलंच.

23 मार्चला सांगितलं, नळाच्या पाण्यात किरणोत्सारी आयोडीन सापडलंय, तान्ह्या बाळांना ते देऊ नका. कानामाचीच्या केंद्रातलं पाणी, म्हणजे आमचंच. तान्हं मूल असलेल्या घराला सरकारनं पाण्याच्या 550 मिलिलिटरच्या तीन बाटल्या दिल्या. तीन! दुकानांत तर फळ्या रिकाम्या. संध्याकाळी बेल वाजली. 302 वाल्या आजी, हातात भूकंपासाठी साठवलेली दोन लिटरची बाटली, तिच्यावरची धूळसुद्धा पुसलेली. बाळाकडे पाहिलं, मग मला विचारलं, "काएरानाइ नो?" परत नाही जाणार? मी म्हटलं, "काएरिमासेन." नाही जात. त्यांनी बाटली दोन्ही हातांनी पुढे केली आणि खाली वाकल्या, जितकं वाकायला नको होतं तितक्या.

एप्रिलमध्ये एका सकाळी दार उघडलं, तर मुठीला पिशवी.

आत यादी होती. छापील नावांमध्ये, 302 आणि 304 च्या मधल्या फटीत, पेननं आमचं आडनाव काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, दाबून बसवलेलं. पुढे हातानं आखलेला रकाना, बाकीच्यांपेक्षा जरा तिरका. आमच्याकडे नावाचा हांको नव्हता. मी पेन घेतलं आणि घाईत देवनागरीत सही केली. मग घाबरले, खोडायला गेले, ते आणखी वाईट दिसायला लागलं. तशीच पुढच्या मुठीला अडकवली. कुणी काही म्हटलं नाही. तेव्हापासून आमच्या रकान्यात देवनागरीच आहे.

मंडळात नंतर मला "तुम्ही त्या वेळी राहिलात" असं दोन-तीनदा कुणी कुणी म्हणालं. मी दरवेळी मान लववते. शिक्क्याचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सोळा महिन्यांनी, 9 जुलै 2012 ला, नियम बदलले. आमची नावं जपानी लोकांच्याच रहिवासी नोंदवहीत आली आणि वर्षाच्या आत परतणार असाल तर त्या परवान्याची गरजच संपली. हा बदल आधी झाला असता तर आम्ही पहिल्याच आठवड्यात उडालो असतो आणि ही पिशवी कधी आली असती, देव जाणे.

बाकीचं भराभर सांगते. मोठीची शाळा: वॉर्डाकडून पत्र आलं, तुम्हाला मुलीला सरकारी शाळेत घालायचंय का? विचारतात, कारण परदेशी मुलांना इथं शिक्षणाची सक्ती नाही. अर्ज केला नाही तर मूल यादीतच येत नाही. भारतीय शाळा 2004 मध्ये निघाली आणि 2006 मध्ये दुसरी, तिकडे जाणारे बरेच. आम्ही जपानी शाळेत घातली. दोन्ही बाजूंनी भांडणं ऐकली आहेत, माझं मत असं की ज्यांना पाच-सहा वर्षांत परतायचंय त्यांनी भारतीय शाळाच धरावी. आम्ही मराठी घरात बोललो, वाचायला शिकवायचं मात्र राहिलं. तो दोष माझा.

2014 मध्ये एइजू मिळाला. त्याचा अर्थ मला 2020 मध्ये कळला. करोनात एप्रिलपासून नियम आला, की परदेशी माणूस बंदीच्या यादीतल्या देशात गेला तर परत घेणार नाही. एइजूवाले असले तरी. जपानी पासपोर्टवाले जाऊन-येऊन होते. जुलैत माझे वडील गेले. माणुसकीच्या कारणासाठी अर्ज करता यायचा, पण विमानंच सुटत नव्हती नीट, आणि गेले असते तर मुलांकडे कधी परतेन याची शाश्वती नाही. फोनवर पाहिलं. 1 सप्टेंबरपासून एइजूवाल्यांना आणि इतर रहिवाशांना पुन्हा ये-जा करता यायला लागली. तोवर तेरावा होऊन गेला होता. त्या आठवड्यात पिशवी आली, तेव्हा तिच्यात करोनाची सूचना होती, "सगळे मिळून सांभाळू या" अशी. मी सही न करताच पुढे अडकवली. आयुष्यात एकदाच.

तर, सोपं होतं की सवय? पत्रपेटी आता मला घाबरवत नाही, उलट खालच्या मजल्यावरच्या दोघी त्यांचे कागद माझ्याकडे आणतात. आणायच्या, असं म्हणायला हवं. नवीन आलेल्या पोरी आता फोनचा कॅमेरा कागदावर धरतात आणि मोकळ्या होतात. बरंच आहे, पिझ्झावर दोन तास तरी जात नाहीत. पण मला बेल वाजवावी लागली होती, त्यांना लागत नाही. तुमच्या बायकोनं वर्षभर दार वाजवलं नाही, ते यातूनही असेल.

नाक्यावरचा:

ताई, झकास लिहिलंय, पण पिशवीनं पोट भरत नाही. मी 2008 चा. हिशोब ऐका. 2012 मध्ये दहा हजार येन घरी पाठवले की सात हजारांच्या आसपास रुपये पोचायचे. 2024 च्या उन्हाळ्यात त्याच दहा हजारांचे सव्वापाच हजार. उपभोग कर तेव्हा 5 टक्के, 2014 मध्ये 8 झाला, 2019 मध्ये 10, खाण्यापिण्यावर तेवढा 8 ठेवला. पगार? पगाराचं बोलू नका. आपण आलो तेव्हा पाठवायला आलो होतो, आता इकडचंच भागलं तरी मिळवली.

आणि हवाही बदललीय. 2000 मध्ये देशात परदेशी रहिवासी सतरा लाखांच्या आत होते, 2024 च्या शेवटी सदतीस लाखांच्या वर. जुलै 2025 च्या निवडणुकीत "जपानी आधी" ही घोषणा तुम्ही स्टेशनाबाहेर ऐकलीच असेल. 16 ऑक्टोबर 2025 पासून धंद्याच्या व्हिसाला लागणारं भांडवल पन्नास लाख येनांवरून एकदम तीन कोटींवर नेलं. माझ्या मित्राचं सोळा खुर्च्यांचं हॉटेल आहे. जुन्यांना 2028 च्या ऑक्टोबरपर्यंत मुदत आहे, पण सोळा खुर्च्यांतून तीन कोटी कसे काढायचे ते सांगा कुणीतरी. 2024 च्या जूनमध्ये कायदा असाही झाला, की जाणूनबुजून कर किंवा पेन्शनचे हप्ते बुडवले तर एइजू काढून घेता येईल. बुडवू नये हे खरंच, पण "कायम" या शब्दाला आता तळटीप लागली.

चांगलंही सांगतो, नाहीतर म्हणाल नाक्यावर बसून नुसता कुरकुरतो. पेन्शन मिळायला पूर्वी पंचवीस वर्षं भरायला लागायची, ऑगस्ट 2017 पासून दहा पुरतात. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार 1 ऑक्टोबर 2016 पासून लागू आहे, म्हणजे दोन्हीकडची वर्षं जोडता येतात. सहावा मजला, परत जायचं ठरलं तर एकरकमी पैसे उचलायच्या आधी हे नीट बघा. उचलले की ती वर्षं गेली. आणि मत द्यायचंय, तर एइजूनं भागत नाही, पासपोर्टच बदलावा लागतो. योगेंद्र पुराणिकांनी तो बदलला, तेव्हा कुठं 2019 मध्ये आपल्याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. आपला देश दुहेरी नागरिकत्व देत नाही, तेव्हा तिथं ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, घेऊन पाहुण्यासारखं जायचं. मी अजून धीर केलेला नाही. वडिलोपार्जित शेत हे निमित्त सांगतो, पण खरं कारण मलाच माहीत नाही.

सहावा मजला:

सगळ्यांचे आभार. नाक्यावरचा, पेन्शनचं माहीत नव्हतं, बघतो.

सुईदोरा ताई, तुमचं बायकोला वाचून दाखवलं. ती मध्येच उठली आणि म्हणाली, "थांब, ती पिशवी मी पाहिलीय." आमच्या मजल्यावर निळी, कापडी, 601 च्या मुठीला, मग 603 च्या. आम्ही 602. तिला वाटायचं कुणीतरी भाजी विसरलंय. एक विचारू? त्या आजी तुम्हाला सात वर्षं का वगळत होत्या, ते पुढे कधी विचारलंत का?

सुईदोरा:

नाही विचारलं. 2019 मध्ये वादळ आलं होतं, ऑक्टोबरच्या 12 तारखेला, तेव्हा आम्ही दोघी निवाऱ्याच्या शाळेत एका चटईवर रात्रभर बसलो होतो. त्याच वर्षी वॉर्डानं पुराचा नकाशा काढला होता, त्यावर आपल्या अख्ख्या भागावर लिहिलं होतं, "इथं थांबू नका." आजी तो नकाशा दाखवून हसत होत्या, म्हणाल्या, साठ वर्षं थांबलेय. तेव्हा विचारता आलं असतं. विचारलं नाही. दोन वर्षांनी त्या मुलाकडे साइतामाला गेल्या आणि मग गेल्याच.

पण तुमच्या प्रश्नानं माझी झोप उडवली, त्याचं कारण वेगळं आहे. आमच्या मजल्याचं हानचोपण, म्हणजे गटप्रमुखाचं काम, आळीपाळीनं येतं. यंदा माझ्याकडे आहे. एप्रिलमध्ये यादी मीच केली. 305 मध्ये जानेवारीत एक नवीन कुटुंब आलंय, आपल्याकडचं नाही, दूरच्या दुसऱ्या देशातलं, नवरा-बायको आणि एक लहान मुलगी. यादी टाइप करताना मी 304 लिहिलं आणि पुढे 306. विचार केला नाही असं नाही. विचार केला होता. त्यांना वाचता येणार नाही, फाइल त्यांच्याकडे अडकून पडेल, त्यांनाही उगाच ओझं, थोडे रुळले की घालू. अगदी मायेनं ठरवलं हो. तुमची 602 वाचली तेव्हा कुठं लक्षात आलं.

रविवारी गेले. यादी नव्यानं छापली, त्यांचं नाव नीट मधोमध, रकाना सरळ. सोबत मी इंग्रजीत एक चिठ्ठी लिहिली, हे काय आहे, काय करायचं, सही कुठल्याही लिपीत चालेल. बेल वाजवली. आत कार्टूनचा आवाज येत होता, तो बंद झाला. भिंगामागे कुणीतरी आलं, काचेतला उजेड गेला की कळतं. दार उघडलं नाही. मी मोठ्यांदा जपानीत सांगितलं, शेजारची आहे, 303. मग इंग्रजीत सांगितलं. पुन्हा कार्टून सुरू झालं.

पिशवी मुठीला अडकवली आणि आले.

आज गुरुवार. पिशवी अजून तिथंच आहे. आत नळ्या साफ करायचं पत्रक आहे, दिवस येत्या बुधवारचा. सकाळी 306 वाल्या बाई लिफ्टमध्ये भेटल्या, हवेवर बोलल्या आणि उतरता उतरता हळूच म्हणाल्या, "यंदा काइरानबान जरा उशिरा येतंय, नाही?"